भाऊंचा पहिला नकार

आमचे घरमालक कुणालाही नाही म्हणत नसत. त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेल्यावर सुरुवातीला मला हा त्यांचा मोठा गुण वाटला होता. मोरीतला नळ गळतो म्हणून सांगायला गेले, तर म्हणाले, होऊन जाईल. खिडकीच्या जाळीतून डास येतात म्हटलं, तरी होऊन जाईल. हे ते इतक्या मायेनं म्हणायचे की आपणच नळासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी देवमाणसाला त्रास दिला असं वाटून मी जिना चढून वर यायचे आणि नळाखाली बादली सरकवायचे. मी ते घर सोडलं तेव्हा नळ गळतच होता, आणि निरोप देताना ते म्हणाले, नळाचं तेवढं होऊन जाईल.

सगळा वॉर्ड त्यांना भाऊ म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडची आमची कॉलनी आणि तिच्यामागचा नाला ओलांडून असलेली वस्ती, असा मिळून तो वॉर्ड होता आणि भाऊ त्याचे माजी नगरसेवक होते. 'माजी' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढत नसे. मुदत संपून वर्षं लोटली होती, निवडणुका होत नव्हत्या, कारभार प्रशासकाकडे होता. भाऊंचं म्हणणं असं, की दुसरा कुणी निवडून आलेला नाही, म्हणजे मीच आहे. शहराचं नाव बदललं तेव्हा त्यांनी स्वतःच्या सगळ्या पाट्या उत्साहानं रंगवून घेतल्या. औरंगाबादच्या जागी छत्रपती संभाजीनगर आलं, पण रंगाऱ्यानं आगाऊपणा करून 'नगरसेवक'च्या आधी 'माजी'ही घातलं. भाऊ त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. नेमका त्या शब्दावर येईल असा प्लास्टिकचा हार त्यांनी पाटीवर टांगला.

मध्ये एकदा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, निवडून आल्या होत्या. सभागृहात काय चाललंय ते त्या भाऊंना फोनवर ऐकवायच्या आणि भाऊ सांगतील तेव्हा बाक वाजवायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, कसं वाटायचं तिथं? वहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, खुर्ची चांगली होती, पाठ दुखायची नाही. एवढंच बोलून त्या पुन्हा मेथीकडे वळल्या.

भाऊंचा खरा कारभार सकाळी ओट्यावर चाले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात पांढरीच चप्पल, आणि समोर माणसं. कुणाला शाळेत प्रवेश हवा, कुणाला टँकर, कुणाच्या जावयाला पोलिसांनी बसवून ठेवलेलं. भाऊ डोळे मिटून ऐकत. ऐकून झालं की डोळे उघडत, चहा मागवत आणि म्हणत, "फिकीर नका करू. होऊन जाईल." काही कामं व्हायचीही, हे सांगितलं पाहिजे. जावई तर हमखास सुटायचे. शिवाय वॉर्डात कुणाकडे मयत झाली की सर्वांत आधी भाऊ हजर असायचे, आणि तिरडीला लागणारा बांबू कुठं मिळतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. जी कामं व्हायची नाहीत त्यांच्याबद्दलही लोक तक्रार करत नसत. होकार तर मिळाला होता.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम दोन-तीन नारळ असत. रस्त्यात कुणी काम सांगितलं की भाऊ स्कूटर लावायचे, नारळ काढायचे आणि तिथल्या तिथं भूमिपूजन उरकून टाकायचे. पैसा कुठून येणार, मंजुरी कोण देणार, हे नंतरचं. आम्हा भाडेकरूंना खोबरं कधी विकत घ्यावं लागलं नाही. एखाद्या आठवड्यात सलग चार दिवस नारळाची चटणी झाली की माझा नवरा म्हणायचा, विकास जोरात आहे.

कॉलनीतला मोकळा प्लॉट हे भाऊंच्या होकाराचं स्मारकच होतं. तो त्यांनी महिला मंडळाला सभागृहासाठी दिला होता, तरुण मंडळाला व्यायामशाळेसाठी, ज्येष्ठ नागरिकांना विरंगुळा केंद्रासाठी आणि गणेश मंडळाला कायमच्या मांडवासाठी. चौघांनाही मनापासून. चार कोपऱ्यांत चार वेळा नारळ फुटले आणि चार कोनशिला बसल्या. प्रत्येक मंडळाला वाटे की आपलं नक्की झालंय, बाकीच्या तिघांना भाऊ नुसते झुलवतायत. प्लॉटमध्ये बाकी गवत होतं, आणि त्या गवतावर रुक्मिणबाईच्या शेळ्या चरायच्या. बांधायला कोनशिला होत्या, खुंटा शोधावा लागत नव्हता.

रुक्मिणबाई माझ्याकडे भांड्यांना यायची. शेंद्र्याकडची धनगराची बाई. तिकडे कंपन्या आल्या, रान गेलं, मेंढरं विकली, नवरा वारला, आणि ती लेकीला घेऊन नाल्यापलीकडच्या वस्तीत आली. जुन्या कळपातलं म्हणाल तर या चार शेळ्या. आणि लेक, मंगल, त्याच शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला लागली होती. कंपनीची बस तिला संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर सोडायची आणि तिथून ती आमच्या कॉलनीतून चालत नाल्यापर्यंत यायची. नाल्यावर विजेचे दोन जुने सिमेंटचे खांब शेजारी शेजारी आडवे टाकलेले होते. त्यावरून पलीकडे जायचं. खाली आमच्याच कॉलनीचं काळं पाणी वाहत असे. हे खांब भाऊंनीच टाकले होते, तात्पुरते म्हणून, मंगल शाळेत जात होती तेव्हा. त्याला भाऊ भाषणात 'वस्तीला दिलेला पूल' म्हणत. रुक्मिणबाई दर थोड्या दिवसांनी ओट्यापाशी थांबून म्हणायची, "भाऊ, पोरगी अंधाराची येते. एकदा पाय घसरला तर हाती लागायची नाय. धड पूल करा." आणि भाऊ म्हणायचे, होऊन जाईल. आधीच दिलेला पूल पुन्हा द्यायचा म्हणजे पहिला दिला नव्हता असं होतं, ही त्यांची खरी अडचण होती.

अशा या माणसाच्या ओट्यावर एके दिवशी पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतली एक मुलगी आली. खांद्याला कापडी पिशवी, बोलणं गोड. महापालिकेच्या अंदाजपत्रकातला थोडा वाटा बाजूला काढायचा आणि त्यातून कोणतं काम करायचं ते वॉर्डातल्या लोकांनीच सभा घेऊन ठरवायचं, असा प्रयोग होता. वॉर्डात लोकांना विचारायचं तर आधी भाऊंना विचारावं लागतं, हे तिला कुणीतरी सांगितलेलं दिसलं. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, लोकांना काय पाहिजे ते लोकांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे, त्यांना विचारून कशाला घोळ घालायचा? मुलगी हिरमुसली नाही. ती म्हणाली, यात नेत्यांचीही सोय आहे. एखादं काम नाही झालं तर वाईटपणा तुमच्याकडे येत नाही, लोकांनीच दुसरं काम निवडलं असं सांगता येतं.

भाऊंनी खाड्कन डोळे उघडले. "हे परत सांगा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी जिना चढत असताना त्यांनी मला थांबवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "ताई, लोकशाही लई चांगली गोष्ट हाय." आयुष्यभर तुंबलेले होकार त्यांच्या छातीवर बसले असणार, याची मला तेव्हा पहिल्यांदा कल्पना आली. दुसऱ्या दिवसापासून ते सहभागाचा प्रचार करू लागले. कुणी काहीही मागितलं की, सभेत मांडा. टँकर, सभेत मांडा. एका म्हाताऱ्यानं सुनेची कागाळी आणली, तीसुद्धा सभेत मांडायला सांगितली.

स्वतः भाऊंनी सभेत काय मांडायचं ते मात्र आधीच ठरवलेलं होतं. त्यांना कॉलनीच्या तोंडाशी त्यांच्या वडिलांच्या नावानं स्वागत कमान हवी होती. वडिलांनी या वॉर्डासाठी हयात घालवली, असं ते म्हणायचे. वहिनींच्या सांगण्याप्रमाणे सासरे हयातभर गावाकडे होते आणि वॉर्डात एकदाच आले, मोतीबिंदू काढायला.

सभा रविवारी शाळेच्या हॉलमध्ये भरली. भिंतीवर चार मोठे कागद, प्रत्येकावर एका कामाचं चित्र: कमान, जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम आणि नाल्यावरचा पूल. ज्याला जे काम हवं त्यानं त्या कागदावर खूण करायची. अक्षरओळख नसली तरी अडू नये म्हणून त्या मुलीनं युक्ती काढली होती. प्रत्येकाला तीन लाल टिकल्या द्यायच्या, त्या हव्या त्या चित्राखाली चिकटवायच्या. स्वस्त, सोप्या, कुठंही मिळणाऱ्या. टिकल्या तिनं आमच्याच कोपऱ्यावरच्या कटलरीच्या दुकानातून घेतल्या होत्या, होत्या तेवढ्या सगळ्या.

आमची कॉलनी म्हणजे शिकलेल्या लोकांची. आजे-पणजे पंचांग सांगणारे नाहीतर निजामाच्या कचेरीत कारकुनी करणारे, आता मुलं इंजिनियर आणि स्वतः निवृत्त. त्यांनी जॉगिंग ट्रॅकवर लॅपटॉपवरून चित्रं दाखवली. युरोपात लोक कसे सहभाग घेतात यावर एक निवृत्त प्राध्यापक बराच वेळ बोलले. ते होईपर्यंत जेवणाची वेळ झाली आणि ही मंडळी उठून घरी गेली. पुरुषमाणसानं टिकल्या हातात धरून उभं राहायचं हे त्यांना जमणारही नव्हतं, म्हणून जाताना त्यांनी आपापल्या टिकल्या बायकोकडे दिल्या.

बायकांच्या हातात टिकल्या आल्यावर जे व्हायचं ते झालं. पहिल्या रांगेतल्या बाईनं शेजारणीच्या कपाळाला एक लावली. शेजारणीनं हसून परत लावली. कुणीतरी म्हणालं, नुसत्या टिकल्या काय, हळदीकुंकू तरी आणा. वहिनींनी घरून करंडा मागवला. बघता बघता आमच्या बाजूच्या सगळ्या बायकांचं मतदान एकमेकींच्या कपाळांवर उरकलं, उरलेल्या टिकल्या वाण म्हणून पर्समध्ये गेल्या. माझं एक मत शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याच कपाळावर दाबून बसवलं. पुण्याची मुलगी माइकवरून विनवत होती की या कागदावर लावायच्या आहेत, पण कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

मग ती टिकल्या वाटत मागच्या रांगेत रुक्मिणबाईपाशी पोहोचली आणि हॉलमधला गलका एकदम उतरला. "त्यांना नका देऊ," आमच्या रांगेतून कुणीतरी हलकेच म्हणालं. मुलीला काही कळेना. तिचा हात तसाच पुढे राहिला. मला त्या क्षणी आमच्या सगळ्यांची, माझ्यासकट, फार लाज वाटली.

रुक्मिणबाईनं स्वतःच तळवा पुढे केला. "कागदालाच लावायचीय ना बाई? कपाळाला नाय. आणा इकडं." ती उठली, सगळ्यांच्या मधून चालत भिंतीपाशी गेली आणि पुलाच्या चित्राखाली तीन टिकल्या ओळीनं लावल्या, अंगठ्यानं दाबून. तिच्यामागून वस्तीतल्या बायका उठल्या. त्यांच्यातल्याही दोघी-तिघींचे नवरे गेलेले होते. कुणी थांबली नाही. थोड्या वेळात पुलाचा कागद लाल झाला आणि कमानीखाली भाऊंच्या घरच्यांच्याच काय त्या टिकल्या दिसत राहिल्या.

भाऊंनी दाराशी उभ्या असलेल्या पोरांकडे नुसतं पाहिलं. पोरं कटलरीच्या दुकानाकडे पळाली. साध्या लाल टिकल्या त्या मुलीनं आधीच उचललेल्या, त्यामुळे दुकानात उरल्या होत्या त्या लग्नसराईच्या, खड्यांच्या, हिरव्या-निळ्या, नागाच्या आकाराच्या. पोरांनी त्या पाकीटं फोडून कमानीच्या कागदावर थापल्या. कागद ट्यूबलाइटखाली असा चमकायला लागला की मागच्या रांगेतलं एक लहान मूल टाळ्या पिटायला लागलं.

मुलगी रडकुंडीला आली. साध्या टिकल्याच धरायच्या, असं ती म्हणत राहिली. भाऊंनी शांतपणे विचारलं, "खड्याच्या टिकल्या बाया लावत नाहीत का? नियमात साधी म्हणून कुठं लिहिलंय?" देखरेखीला आलेल्या अधिकाऱ्यानं दोन्ही कागदांकडे पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं आणि लोकांचा उत्साह डावलणं योग्य होणार नाही असं सांगून कमान मंजूर केली. भाऊंनी डिकीतून नारळ आणवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणबाई नेहमीप्रमाणे ओट्यापाशी थांबली. मी वरून केर काढत होते, मला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, भाऊ, सभेचं झालं ते झालं, आता पुलाचं बघा. भाऊंनी डोळे मिटले नाहीत. आयुष्यात न उच्चारलेला शब्द तोंडात आल्यावर माणूस तो जरा चघळतो, तसं त्यांनी केलं.

"नाय," ते म्हणाले. "आता ते नाय व्हायचं रुक्मिणबाई. लोकांनी कमान ठरवली. माझ्या हातात काय हाय?"

रुक्मिणबाईनं थोडा विचार केला. "खरं हाय," ती म्हणाली. "लोकांनी ठरवायचं म्हटल्यावर तुमच्यापाशी थांबून काय करू?" आणि ती जिना चढून माझ्याकडे भांडी घासायला आली. तेव्हापासून ती रोज ओट्यासमोरून जायची, पण थांबायची नाही. भाऊंकडे बघायचीसुद्धा नाही, म्हणजे रागानं नव्हे, बंद दुकानाकडे जसं कुणी बघत नाही तसं.

भाऊंच्या हे लक्षात आलं नाही, कारण ते नाही म्हणण्याच्या आनंदात होते. पुढचे काही दिवस ते येईल त्याला नाही म्हणाले. व्यायामशाळा नाही, सभागृह नाही, टँकर नाही, लोकांनी कमान ठरवली. इतका तजेला त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता. लोक मुकाट्यानं ऐकून जायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. मग एका सकाळी ओट्यावर भाऊ एकटेच होते. दुसऱ्या दिवशीही. भाऊ पेपर वाचून संपवायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून विचारायचे, काय, काही काम होतं का? लोक हसून हात करायचे. मयतीलासुद्धा कुणी आधी कळवेना. वहिनी मला म्हणाल्या, हल्ली दूध उरतं, दही लावते, तुम्हाला देऊ का?

कमान झाली, अजूनही आहे. नाल्यावर आता धड पूलही आहे, कठड्यासकट. वॉर्डातल्या यच्चयावत कामांवर भाऊंचं नाव आहे, एक या पुलावर नाही. नाव असलेलं बहुतेक नुसतं नारळापुरतं, त्यामुळे हा तेवढा भाऊंनी खरंच केला हे सगळ्यांना कळतं. तो कसा झाला हे मात्र आम्हा थोड्या जणांनाच माहीत आहे.

ओटा असा ओस पडल्यावर एका संध्याकाळी भाऊ वर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नळाकडे बघितलं नाही. म्हणाले, रुक्मिणबाई तुमचं ऐकते, जरा माझ्यासोबत चला. आम्ही नाल्यापर्यंत गेलो. दिवेलागणीची वेळ होती. पलीकडे ती शेळ्यांना पाला टाकत होती.

"रुक्मिणबाई, जरा इकडं येता का? बोलायचं हाय," भाऊ म्हणाले.

"काम कुणाचं हाय, भाऊ?"

भाऊ घुटमळले. "माझंच हाय."

"मग तुम्ही या."

भाऊ तो खांबांचा पूल कधीच ओलांडून गेले नव्हते. नारळ त्यांनी अलीकडच्या टोकाला फोडला होता आणि निवडणुकीत पलीकडची माणसं इकडे आणली जात. त्यांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, पँट वर सरकवली आणि खांबांवर पाय ठेवला. निम्म्यापर्यंत गेले. तिथं एक खांब थोडासा हलतो. तो हलला आणि भाऊ जागच्या जागी थांबले. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. तसंच उभं राहून ते म्हणाले, "मी नाय म्हटलं ते चुकलं. तुम्ही फक्त वट्ट्यावर येऊन मागा. पूल मी देतो. पण मागायला या."

"आता मागत नाय भाऊ," रुक्मिणबाई म्हणाली. "तुम्हीच सांगितलं, लोक ठरवतील ते होईल."

तेवढ्यात माझ्यामागून मंगल आली, बसमधून उतरून, डब्याची पिशवी हातात. तिनं वाट अडलेली पाहिली आणि ओरडून आईला विचारलं, "आई, भाऊ मधीच काहून थांबले? मला घरी जायचंय, पाय तुटायलेत."

भाऊंनी मान न वळवता हात मागे केला. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "पोरी, हात दे मला," ते म्हणाले.

मंगल पुढे झाली, तशी पलीकडून रुक्मिणबाई म्हणाली, "थांब मंगल. एकटीनं नको ठरवू." तिनं पाला खाली टाकला, वस्तीकडे वळून एकेका बाईला नावानं हाक मारली, आणि भाऊंना हात द्यायचा का नाही ते ठरवायला या म्हणाली.

मंगल डब्याची पिशवी मांडीवर घेऊन खांबाच्या टोकाशी बसली. पलीकडे बायका चूल सोडून, कडेवर पोरं घेऊन काठावर यायला लागल्या, आणि रुक्मिणबाई प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगू लागली. शाळेतल्या सभेपेक्षा ही सभा चांगली भरली. जेवायची वेळ झाली तरी कुणी उठून गेलं नाही. हात द्यायचा, पण पूल कुणी न मागता आणि बिननावाचा व्हायचा, असं शेवटी ठरलं, आणि भाऊ सभा संपेपर्यंत उभे होते.